ड्रायरची ऊब आणि न उठणारा रॅक

प्रश्न : आमच्या गणेश मंडळाचा ध्वनिसंच एका लोखंडी रॅकमध्ये बसवलेला आहे. त्यातला डिजिटल क्रॉसओव्हर बारा वर्षं बिनतक्रार चालला. यंदा गणपतीच्या आधी बटण दाबलं तर पुढचा दिवाही लागेना. फ्यूज शाबूत होता. आमच्याकडे टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी झाकण काढून आत पाच मिनिटं हेअर ड्रायर फिरवला, आणि यंत्र चालू झालं! मग भीतीपोटी आम्ही ते दहा दिवस बंदच केलं नाही. विसर्जनानंतर बंद केलं, आता पुन्हा मुकं. बिघाड असेल तर ते दहा दिवस चाललं कसं? आणि बिघाड नसेल तर सुरू का होत नाही? – एक वाचक, मिरज

उत्तर : तुमच्या पत्रात तीन निरीक्षणं आहेत. यंत्र चालू असलं की चालूच राहतं, एकदा बंद झालं की उठत नाही, आणि ऊब दिली की उठतं. तिन्ही तुम्ही नीट टिपली आहेत, आणि तिन्ही एकाच घटकाकडे बोट दाखवतात. तो घटक म्हणजे करंगळीच्या पेराएवढा, दहा-वीस रुपयांचा एक कपॅसिटर. जुने कारागीर त्याला कंडेन्सर म्हणतात. काकांचा ड्रायर म्हणजे जादू नव्हती. न कळत केलेलं ते एक निदानच होतं.

आधी पॉवर सप्लायचं काम पाहू. भिंतीतून येते २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तनांची, दिशा बदलत राहणारी वीज. आतल्या आवाजाच्या सर्किटला लागते शांत, एका दिशेची, थोड्या दाबाची वीज : बहुधा अधिक १५ आणि उणे १५ व्होल्ट, डिजिटल भागाला ५ किंवा त्याहून कमी, आणि मिक्सरमध्ये कंडेन्सर माइकसाठी ४८. हे रूपांतर करण्याच्या दोन रीती आहेत. जुन्या रीतीत जड ट्रान्सफॉर्मर असतो. तो उचलला की हाताला कळतो. नव्या रीतीला एसएमपीएस म्हणतात. ती हलकी, लहान आणि बरीच गुंतागुंतीची. तुमचं यंत्र डिजिटल आहे, म्हणजे बहुधा ही दुसरी रीत.

एसएमपीएसमध्ये भिंतीतली वीज सरळ चार डायोडमधून जाते आणि एका मोठ्या कपॅसिटरवर साठते. तिथे सुमारे ३२५ व्होल्टचा दाब तयार होतो, कारण २३० हा आकडा सरासरीच्या जातीचा आहे, लाटेचं शिखर त्याच्या १.४१ पट उंच असतं. मग एक छोटी नियंत्रक चिप एका ट्रान्झिस्टरला सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करायला लावते. त्या वेगामुळे लहानसा ट्रान्सफॉर्मरही भरपूर शक्ती पलीकडे देऊ शकतो.

आता खरी गोम. ही चिप स्वतः कशावर चालते? तिला लागतात पंधरा-सोळा व्होल्ट, आणि ते देतं त्याच ट्रान्सफॉर्मरवरचं एक जादा वेटोळं. पण चिप चालल्याशिवाय ट्रान्सफॉर्मर चालत नाही, आणि ट्रान्सफॉर्मर चालल्याशिवाय चिपला खाणं मिळत नाही.

विहिरीवरच्या मोटरीचा अनुभव असलेल्यांना हा पेच ओळखीचा वाटेल. पंपात आधी पाणी भरलेलं असेल तरच तो विहिरीतलं पाणी उचलतो. म्हणून पाइपाच्या तळाशी फुटव्हॉल्व्ह असतो, तो पाइपातलं पाणी धरून ठेवतो. तो गळायला लागला तर काय होतं? मोटर चालू असेपर्यंत काही कळत नाही, पाणी धो धो येतं. वीज गेली की पाइप हळूहळू रिकामा होतो, आणि वीज परत आल्यावर मोटर नुसती फिरते, पाणी उचलत नाही. मग कुणीतरी बादलीने पाणी ओततं. तुमच्या यंत्रातला छोटा कपॅसिटर म्हणजे हा फुटव्हॉल्व्ह, आणि ड्रायर ही ती बादली.

विजेच्या भाषेत सांगायचं तर बटण दाबल्यावर ३२५ व्होल्टमधून एका मोठ्या रेझिस्टरवाटे अगदी बारीक धार, एक-दोन मिलिअँपिअरची, त्या छोट्या कपॅसिटरमध्ये येते. त्यावरचा दाब वाढत जातो. यूसी ३८४२ ही फार वापरली जाणारी चिप उदाहरणाला घेऊ. ती १६ व्होल्टला जागी होते आणि दाब १० व्होल्टच्या खाली गेला की झोपते. जागी झाल्यावर तिची भूक पंधरा मिलिअँपिअरच्या घरात जाते. बारीक धारेला ती भागवता येत नाही. म्हणजे जादा वेटोळ्याकडून खाणं येईपर्यंत चिपला फक्त कपॅसिटरमधल्या साठ्यावर दिवस काढायचे असतात. कपॅसिटर ४७ मायक्रोफॅरडचा आणि धडधाकट असेल तर १६ वरून १० व्होल्टवर येईपर्यंत सुमारे १९ मिलिसेकंद मिळतात. ते पुरतात. तोच कपॅसिटर वाळून ५ मायक्रोफॅरडचा उरला असेल तर मिळतात जेमतेम दोन. चिप उठते, काही मिळायच्या आत पुन्हा झोपते, पुन्हा भरायला लागते, पुन्हा उठते. कान लावलात तर काही यंत्रांत ही धडपड मंद ‘टिक टिक’ अशी ऐकूही येते.

एकदा का यंत्र उठलं की जादा वेटोळं सेकंदाला हजारो वेळा भर घालत राहतं. तेव्हा साठ्याची गरज नावापुरती असते, म्हणून दुबळा कपॅसिटरही दहा दिवस, नव्हे दहा महिने, काम भागवतो. दुखणं फार पूर्वी सुरू झालेलं असतं, उघड होतं ते बंद करून चालू करताना. ‘काल रात्रीपर्यंत उत्तम होतं हो!’ असं दुरुस्तीच्या दुकानात रोज कुणीतरी सांगतं, आणि ते अगदी खरं असतं.

मग ऊब का लागू पडली? या जातीच्या कपॅसिटरमध्ये अॅल्युमिनिअमच्या पत्र्यांच्या गुंडाळीत एक द्रव भरलेला कागद असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं द्रव उडून जातो. उरलेला द्रव थंडीत घट्ट आणि विजेला अडवणारा असतो, गरम झाला की तो थोडा मोकळा होतो आणि आतला अडथळा कमी होतो. तेवढ्यावर चिप निसटता उंबरठा ओलांडते.

हाच कपॅसिटर आधी का वाळतो, याचं उत्तर निम्मं रॅकमध्ये आहे. १९ इंची रॅकमधलं सर्वांत बारीक यंत्र एका ‘यू’चं, म्हणजे ४४.४५ मिलिमीटर उंचीचं असतं. त्यात हवेला फिरायला जागा नाही. खाली तापलेला अॅम्प्लिफायर, वर दुसरं यंत्र, आणि आत हा चिमुकला डबा बहुतेक वेळा गरम हीटसिंकला खेटून बसलेला. मोठ्या कपॅसिटरमध्ये द्रव भरपूर, यात थेंबभर. नियम असा, की तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. ज्यावर १०५ अंश आणि २००० तास अशी हमी आहे, तो ६५ अंशांवर सुमारे ३२,००० तास टिकेल, म्हणजे अखंड वापरात साडेतीन-पावणेचार वर्षं. तोच ४५ अंशांवर ठेवलात तर साडेचौदा वर्षांच्या आसपास. तुम्ही घेतलेलं यंत्र तेच, फरक फक्त वीस अंशांचा. म्हणून मी प्रत्येक मंडळाला कळकळीनं सांगतो, की अॅम्प्लिफायरच्या वर एक ‘यू’ची जाळीदार पट्टी सोडा आणि पंख्याच्या जाळीतला गुलाल मिरवणुकीनंतर त्याच आठवड्यात झाडा. बारीक गुलाल ओल धरतो आणि जाळी लिंपून टाकतो.

आता दुरुस्ती. इथे एक गोष्ट मनापासून सांगतो. प्लग काढला म्हणजे धोका गेला, हा समज जिवावर बेतू शकतो. मोठ्या कपॅसिटरवरचे ३२५ व्होल्ट प्लग काढल्यावरही राहू शकतात, आणि सुरूच न होणाऱ्या यंत्रात तर ते जास्त वेळ राहतात, कारण त्यांना खर्च करणारं कुणी नसतं. पेचकस आडवा लावून ठिणगी पाडू नका. २.२ किलोओहमचा, १० वॅटचा रेझिस्टर वेष्टण असलेल्या क्लिपांनी दहा सेकंद लावा, आणि मग मीटरने शून्य झाल्याची खात्री करा. काकांनी चालू यंत्राचं झाकण काढून ड्रायर फिरवला असेल तर तसं पुन्हा कृपया करू नका. ज्याचे हात या कामाला सरावलेले नाहीत त्याने काम जाणकाराकडे द्यावं आणि हे उत्तर त्याला वाचायला द्यावं.

कपॅसिटर काढून मोजताना साधा मल्टिमीटर कधी कधी फसवतो. मायक्रोफॅरडचा आकडा बरा दाखवतो, पण आतला अडथळा त्याला दिसत नाही. त्यासाठी ईएसआर मीटर लागतो. तो नसेल तर मोजत बसू नका, एवढ्या स्वस्त घटकाला सरळ बदलून टाका. नवा घेताना मायक्रोफॅरड तितकेच, व्होल्ट तितके किंवा जास्त, आणि १०५ अंशांचा, कमी ईएसआरचा मागा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत तो सहज मिळतो. अंगावरचा पट्टा उणे बाजू दाखवतो. टँटलम जातीच्या कपॅसिटरवर मात्र पट्टा अधिक बाजूला असतो, तेवढं लक्षात ठेवा. बसवून झालं की पहिला प्रयोग थेट भिंतीवर करू नका. प्रत्येक वायरमनकडे सिरीज बोर्ड असतो, म्हणजे ओळीत जोडलेला १०० वॅटचा साधा तारेचा बल्ब. त्यातून वीज द्या. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर आत शॉर्ट नाही. तो पूर्ण तेजाने जळतच राहिला तर लगेच बंद करा, आत कुठेतरी डायोड किंवा ट्रान्झिस्टर फुटलेला आहे. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही.

दोन समज जाता जाता दूर करतो. ‘फ्यूज शाबूत म्हणजे पॉवर सप्लाय चांगला’ हे खरं नाही. फ्यूज फक्त जास्त करंट ओळखतो, आणि तुमचं यंत्र तर उपाशी आहे. तसंच, ‘फुगलेला दिसत नाही म्हणजे कपॅसिटर ठीक’ हेही नाही. वाळलेला कपॅसिटर अनेकदा अगदी नव्यासारखा दिसतो.

प्रश्न : मी डबलबारी भजनात पेटी वाजवतो. आमच्या रॅकमधला मिक्सर घरी तपासला की एकदम शांत. काही गावांत मात्र स्पीकरमधून सतत घरघर येते, तीही पेटीच्या खर्जातल्या पांढरी पाचच्या जरा वरच्या सुरात! साउंडवाला प्लगची अर्थची पिन काढतो. कधी घरघर जाते, कधी जात नाही. असं का? – एक वाचक, सावंतवाडी परिसर

उत्तर : सूर ओळखून तुम्ही अर्धं काम केलंत. ५० आवर्तनांची वीज डायोडमधून गेली की दोन्ही बाजूंच्या लाटा एकाच बाजूला येतात आणि सेकंदाला १०० ठोके पडतात. पांढरी पाचचा तो खर्ज सुमारे ९८ आवर्तनांचा, म्हणून घरघर त्याच्या किंचित वर लागते. दुसऱ्या जातीची गुणगुण ५० ची असते, बरोबर एक सप्तक खाली. जरा मऊ, ‘हं’ अशी. तुमच्याकडे या दोन वेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत, म्हणूनच एकच उपाय कधी लागतो, कधी लागत नाही.

१०० ची खरखरीत घरघर पॉवर सप्लायच्या आत जन्मते. तुमचा मिक्सर ट्रान्सफॉर्मरवाला असावा. त्यात ठोक्याठोक्यांनी येणारी वीज मोठा कपॅसिटर साठवतो, आणि पुढे ७८१५ नावाचा रेग्युलेटर तिला १५ व्होल्टवर सपाट करतो. त्याची एकच अट असते : मागून निदान १७ व्होल्ट मिळायला हवेत. समजा शिखर २२ व्होल्टचं आहे, मिक्सर अर्धा अँपिअर घेतो आणि कपॅसिटर २२०० मायक्रोफॅरडचा आहे. दोन ठोक्यांमध्ये दाब सव्वादोन व्होल्टनी उतरतो, पावणेवीसपर्यंत येतो. काम भागतं. कपॅसिटर वाळून ७०० चा झाला असता तर तो सात व्होल्टनी उतरला असता, पंधराच्याही खाली. दर ठोक्याला रेग्युलेटरची अट मोडली असती आणि ते खड्डे आवाजात उतरले असते.

पण तुमचा मिक्सर घरी शांत आहे. म्हणजे कपॅसिटर अजून बरा असावा. मग गावात काय बदलतं? वीज. देवळापर्यंत लांबून ओढलेली बारीक केबल, लाइनीच्या टोकाचं गाव, रात्री सगळ्या वाडीचा भार. भिंतीत २३० ऐवजी १९० व्होल्ट असले की आतलं २२ चं शिखर १८ वर येतं, आणि धडधाकट कपॅसिटर असूनही दाब सोळाच्या आत घसरतो. घरघर सुरू. पखवाजाच्या प्रत्येक थापेला मांडवातला बल्ब मिचकत असेल तर ही खूण पक्की समजा. बारी चालू असताना सॉकेटवर मीटर लावून आकडा बघा. इथे उपाय जाड तारेची केबल आणि चांगला स्टॅबिलायझर. मिक्सर उघडायची गरजच नाही. कपॅसिटर बदलायला निघालेल्या कारागिराला इथे थांबवलं पाहिजे.

५० ची मऊ गुणगुण मात्र जोडण्यांची आहे. मिक्सर एका सॉकेटवर, अॅम्प्लिफायर दुसऱ्या टोकाच्या सॉकेटवर, दोघांचे अर्थ वेगवेगळ्या वाटांनी जमिनीत, आणि सिग्नलच्या तारेची जाळी या दोघांना पुन्हा जोडते. असं एक वर्तुळ तयार होतं आणि त्यातून फिरणारा बारीकसा प्रवाह आवाजात मिसळतो. अर्थची पिन काढली की वर्तुळ तुटतं, म्हणून गुणगुण जाते.

आणि म्हणूनच ती पिन काढू नका. हात जोडून सांगतो. अर्थ ही वाट यंत्रासाठी नाही, ती माइक ओठांशी धरलेल्या बुवांसाठी आहे. आत ट्रान्सफॉर्मरचं वेष्टण फाटलं किंवा फेजची तार सुटून यंत्राच्या लोखंडी डब्याला टेकली, तर अर्थ असल्यास फ्यूज उडतो, नसल्यास तो डबा, माइकची जाळी आणि बुवांचे ओठ २३० व्होल्टवर येतात. कोकणातल्या पावसात ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असलेला माणूस हा विजेला सर्वांत सोपा रस्ता आहे. वर्तुळ तोडायचं असेल तर सिग्नलच्या बाजूने तोडा. सगळी यंत्रं एकाच सॉकेटपासून चालवा, मिक्सर ते अॅम्प्लिफायर तीन पिनांची बॅलन्स्ड केबल वापरा, तरीही गुणगुण राहिली तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची छोटी डबी लावा. आणि मुख्य बोर्डावर गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असल्याशिवाय बारी सुरू करू नका.

आवाज कुठून येतो हे ठरवायची घरगुती रीतही आहे. अॅम्प्लिफायरला येणारी सिग्नलची तार काढा. आवाज गेला तर दोष त्या तारेच्या मागे आहे, राहिला तर अॅम्प्लिफायरच्या पोटात.

प्रश्न : विसर्जनाच्या रात्री जनरेटरवर असताना रॅकमधली तीन यंत्रं एकदम गेली. दुकानदार म्हणतो, नशिबाने तिघांचे फक्त फ्यूज आणि एकेक निळी चकती जळली. एकाच क्षणी तिन्ही कशी? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा न्यूट्रल सुटला. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल निसटला की कमी भाराच्या फेजवर दाब चढतो, तो २३० वरून ४०० च्या दिशेने जातो. ती निळी चकती म्हणजे व्हॅरिस्टर. ठरावीक दाबाच्या वर गेलं की ती स्वतः वाहू लागते, फ्यूज उडवते आणि मागच्या यंत्राला वाचवते. तिघींनी आपलं काम चोख केलं. तुमच्या दुकानदाराने चकती तशीच बदलून घातली असेल तर उत्तम. काही जण ती काढून नुसता फ्यूज घालतात. यंत्र चालतं, पण पुढच्या वेळी जळण्यासाठी मधे कुणी उरलेलं नसतं. फ्यूजही लिहिलेल्याच आकड्याचा आणि जातीचा हवा : काचेवरच्या टोपीवर ‘टी’ असेल तर सावकाश उडणारा, ‘एफ’ असेल तर झटकन उडणारा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार कधीही नको. आणि पुढच्या वर्षी जनरेटरवाल्याला न्यूट्रलचा नट तुमच्यासमोर आवळायला सांगा.

मिरजेच्या वाचकांनी पत्राच्या शेवटी विचारलं आहे, की दुरुस्तीनंतर रॅक अकरा महिने कसा ठेवावा. गोणपाटात गुंडाळून नको, त्यात ओल राहते. कोरड्या खोलीत, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा आणि दर दोन महिन्यांनी तासभर सगळी यंत्रं चालू करा. पडून राहिलेल्या कपॅसिटरमधला पत्र्यावरचा ऑक्साइडचा पातळ थर झिजत जातो, वीज मिळाली की तो पुन्हा भरून येतो, आणि आतली ओलही निघून जाते. श्रावणात एकदा हे आवर्जून करा. म्हणजे काही उठत नसेल तर ते चतुर्थीच्या सकाळी न कळता महिनाभर आधी कळेल, आणि कपॅसिटर आणायला वेळ हाताशी असेल.